न जुळणारा ताळेबंद

दिवाळी म्हटलं की मला अजूनही आमच्या सांगलीच्या आडत दुकानातलं वहीपूजन आठवतं. हळदीच्या पोत्यांचा वास, गादीवर नवी पांढरी चादर, आणि बाबांनी कुंकवाने काढलेलं स्वस्तिक. नव्या वहीत पहिली ओळ लिहायच्या आधी जुन्या वर्षाचा ताळेबंद जुळलाच पाहिजे, हा बाबांचा दंडक. चार आण्यांचा फरक आला तरी दिवाणजी रात्री अकरापर्यंत खतावणी चाळत बसायचे. "पैसा कुठे जात नाही, कुठल्या तरी पानावर लपून बसलेला असतो," असं बाबा म्हणायचे.

त्या घरातली मी एम. कॉम. होऊन, लग्न करून इथे कायझर्सलाउटर्नला आले. ह्यांची नोकरी संशोधन संस्थेत, आणि मी भाषा शिकून, इथल्या परीक्षा देऊन एका कर-सल्लागाराच्या कार्यालयात लागले. थोडक्यात, गाव बदललं, भाषा बदलली, पण माझं जमाखर्चाचं काम काही सुटलं नाही! आमच्या गावाची ओळख बहुतेकांना फुटबॉलमुळे असते, किंवा शेजारच्या रामश्टाइनच्या अमेरिकन विमानतळामुळे. शिवणकाम करणाऱ्या मावशा-आत्यांना 'फाफ' मशीनचं गाव म्हणून सांगितलं तर पटकन कळतं. आज मात्र गावातल्या वेगळ्याच एका जागेबद्दल लिहायचं आहे.

आमची लेक दहावीत असताना तिच्या इतिहासाच्या वर्गाला शहरातल्या 'झिनागोगनप्लाट्झ'वर, म्हणजे सिनेगॉगच्या चौकात नेलं होतं. तिथे आज सिनेगॉग नाही. जुन्या प्रवेशद्वाराच्या कमानींचा एक भाग तेवढा आठवण म्हणून पुन्हा उभारलेला आहे. मुलांना गृहपाठ होता, 'हे का घडलं?' वर्गात दोन तट पडले. अर्ध्या मुलांचं म्हणणं, द्वेषामुळे. अर्ध्यांचं म्हणणं, पैशांसाठी. लेक घरी आली आणि दप्तर टाकता टाकता मला म्हणाली, "आई, तू हिशोबवाली आहेस ना? मग सांग, सरकारला यातून मिळालं काय?"

मी म्हटलं, बघून सांगते. आणि मग जवळजवळ वर्षभर बघतच राहिले. ते जे काही सापडलं, ते तुमच्यापुढे मांडते आहे. विषय सणासुदीचा नाही, याची कल्पना आहे. पण आपण परदेशात घरं घेतो, मुलं वाढवतो, फराळाची ताटं शेजाऱ्यांकडे पोचवतो. त्या आपल्या लोकांसाठी हा विषय तसा लांबचा नाही.

आधी त्या इमारतीचं सांगते. १८८६ साली बांधलेलं हे सिनेगॉग लुडविग लेव्ही या वास्तुशिल्पकाराचं काम. मोठा घुमट, मूरिश वळणाच्या कमानी. जुने फोटो पाहिले तर आपल्याला एखाद्या संस्थानी राजवाड्याची आठवण यावी! जर्मनीत ज्यू प्रार्थनास्थळं जाळली गेली ती ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, हे आपण वाचलेलं असतं. आमच्या गावचं सिनेगॉग मात्र त्याच्या आधीच, त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून पाडायला घेतलं होतं. आग नाही, जमाव नाही, रीतसर पालिकेचं काम. कारण काय दिलं? तर ही पौर्वात्य धाटणीची इमारत शहराच्या रूपाला शोभत नाही, आणि संचलनासाठी मोकळी जागा हवी आहे. बावन्न वर्षं उभी असलेली वास्तू नगररचनेच्या नावाखाली गेली.

हे वाचून मी कामाला लागले ते माझ्या सवयीच्या वाटेने, म्हणजे करांच्या कायद्यांमधून. आणि खरं सांगते, माझ्या रोजच्या कामातले शब्द तिथे भेटायला लागले तेव्हा पोटात गोळा आला. मी समजत होते की छळ म्हणजे बूट, बंदुका आणि कुत्रे. पण त्याआधी कितीतरी वर्षं तो छापील अर्ज, मुदत, हप्ते आणि पोचपावत्या यांच्या रूपाने चालू होता.

क्रम बघा. देश सोडून जाणाऱ्यांवरचा 'राइशफ्लुख्टश्टॉयर' हा कर लावला १९३१ साली, नाझी सत्तेवर यायच्या आधी. मंदीच्या काळात श्रीमंतांनी भांडवल बाहेर नेऊ नये हा हेतू. दोन लाख मार्कांच्या वर मालमत्ता असेल तर चौथा हिस्सा सरकारजमा. हिटलर आल्यावर १९३४ मध्ये ही मर्यादा पन्नास हजारांवर आणली. जीव वाचवायला निघालेल्या ज्यू कुटुंबांना तो आता जाताजाता भरावा लागू लागला. उरलेले पैसे परकीय चलनात बदलायला गेलं की त्यातही कपात. १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत ही कपात ९६ टक्क्यांवर पोचली होती. म्हणजे शंभरातले चार हातात.

२६ एप्रिल १९३८ ला हुकूम निघाला की पाच हजार मार्कांच्या वर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यू नागरिकाने तिची यादी सरकारला द्यावी. घर, दुकान, विमा, दागिने, सगळं. जर्मनी आणि नुकताच गिळलेला ऑस्ट्रिया मिळून निव्वळ सुमारे ७ अब्ज मार्कांची नोंद झाली. आता सरकारला रक्कम माहीत होती. नोव्हेंबरमध्ये दुकानं फोडली, सिनेगॉग जाळली, आणि तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, ज्यू समाजालाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावला. प्रत्येकाच्या नोंदवलेल्या मालमत्तेचे २० टक्के, चार हप्त्यांत. पुढे आणखी एक हप्ता लावून ते २५ टक्के केले. फुटलेल्या काचांच्या विम्याचे पैसे सरकारने घेतले, आणि रस्ता पूर्ववत करायचा खर्च ज्यांची दुकानं फोडली त्यांच्यावरच टाकला!

हे नेमकं १९३८ मध्ये का? इथे पैशांचं उत्तर देणाऱ्या मुलांची बाजू भक्कम आहे. शस्त्रसज्जतेपायी सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. 'मेफो' नावाच्या हुंड्या काढून १२ अब्ज मार्कांचं कर्ज कागदोपत्री दडवलेलं होतं, आणि त्या हुंड्या आता वटवायच्या होत्या. १९३९ च्या जानेवारीत राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला पत्र लिहून धोक्याची सूचना दिली. परिणाम एवढाच की बँकेचे अध्यक्ष शाख्ट यांना नारळ मिळाला. अशा वेळी एक अब्जाची रोकड म्हणजे त्या वर्षीच्या नेहमीच्या महसुलात पाच-सहा टक्क्यांची भर. कुठल्याही अडचणीतल्या अर्थमंत्र्याला ती हवीशीच वाटणार.

आता आमच्या फाल्झ प्रांताकडे येते. २२ ऑक्टोबर १९४०. पंचांग काढून पाहिलं, तर कोजागिरी होऊन गेलेली आणि दिवाळी आठवड्यावर आलेली. ज्यूंचाही तो सुक्कोत सणाचा आठवडा होता. त्या दिवशी बाडेनचा गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, रोबर्ट वाग्नर आणि आमच्या भागाचा योझेफ ब्युर्केल या दोघांनी मिळून आपापले प्रांत 'ज्यूमुक्त' करायला घेतले. साडेसहा हजारांहून जास्त माणसं, त्यात फाल्झमधली आठशेच्या वर. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत. तयारीला तास-दोन तास, बरोबर ५० किलो सामान आणि १०० मार्क. नऊ आगगाड्या भरून त्यांना फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गुर्सच्या छावणीत नेऊन सोडलं. चिखल, उपासमार आणि थंडी यांनी पहिल्याच हिवाळ्यात शेकडो मेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना १९४२ च्या ऑगस्टपासून पॅरिसजवळच्या द्रांसीमार्गे आउश्वित्झला पाठवलं.

आणि मागे राहिलेल्या घरांचं काय? ती सीलबंद झाली, आणि काही दिवसांत सामानाचे जाहीर लिलाव सुरू झाले. स्विस सीमेजवळच्या ल्योराख गावात हे सगळं कोणीतरी टिपून ठेवलं आहे. एका फोटोत भरबाजारात ट्रकवर चढणारी माणसं. नंतरच्या फोटोत त्यांच्याच घरातली कपाटं, पलंग, लिलाव पुकारणारा अधिकारी आणि त्याच्याभोवती गावकऱ्यांची ही गर्दी! चेहरे क्रूर वगैरे अजिबात नाहीत. शनिवारच्या बाजाराला निघालेल्या माणसांचे असावेत तसेच. कोणाला उशा हव्यात, कोणाला मुलासाठी टेबल हवंय.

पुढे हा प्रकार राष्ट्रीय पातळीवर गेला. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने ठरलं की ज्या ज्यू माणसाचं वास्तव्य देशाबाहेर गेलं, त्याचं नागरिकत्व आपोआप रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. सीमेपार नेणार सरकारच, आणि सीमा ओलांडली म्हणून वारस होणारही सरकारच! रेल्वेने त्या गाड्यांची भाडी लावली ती तिसऱ्या वर्गाच्या दराने, फक्त जाण्याची. लहान मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखाली मोफत, चारशेच्या वर माणसं असली तर गट-सवलत. ही वाक्यं मी दोनदा वाचली. अशी बिलं तपासणाऱ्या कोणा कारकुनाने बेरीज बरोबर आहे म्हणून टिकमार्क केलीच असेल ना?

फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधली जवळजवळ सत्तर हजार ज्यू घरं रिकामी करून त्यांतलं सामान जर्मनीत आणलं, आणि बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेल्यांना वाटलं-विकलं. एकट्या हॅम्बुर्ग परिसरात अशा लिलावांतून काही ना काही घेणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर होती, असं फ्रांक बायोर या इतिहासकाराने दाखवून दिलं आहे. २००५ साली ग्यॉट्झ आली या इतिहासकाराने याच धाग्यावर पुस्तक लिहिलं आणि इथे मोठा वाद झाला. त्याचा मुद्दा असा, की नाझी सरकारने सामान्य जर्मन माणसाला धाकात ठेवण्यापेक्षा सांभाळून घेतलं. करांचा बोजा श्रीमंतांवर, सैनिकांच्या बायकांना भरपूर भत्ता, बाहेरून लुटून आणलेला माल. खूश असलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही पहिली नऊ वर्षं ज्या घरात भाड्याने राहिलो, तिथल्या घरमालकीण आजी फार प्रेमळ. लेकीला त्यांनीच सायकल शिकवली. आम्ही घर सोडताना त्यांनी एक मोठा पांढरा टेबलक्लॉथ भेट दिला. जाड लिनन, कडेला सुंदर भरतकाम आणि कोपऱ्यात दोन अक्षरं विणलेली. दर दिवाळीला मी तोच अंथरून त्यावर फराळ मांडायची. आजींच्या नावाशी ती अक्षरं जुळत नव्हती, माहेरच्या नावाशीही नाही. मला कधी ते सुचलंच नाही. या सगळ्या वाचनानंतर एकदा कॉफीला त्या आल्या तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "आईने लिलावात घेतला होता. मी तेव्हा लहान होते. खूप स्वस्त मिळाला म्हणून ती खूश होती." मग बराच वेळ कपातला चमचा ढवळत राहिल्या. मीही पुढे काही विचारलं नाही.

तर लेकीला मी सांगायला निघाले होते की, हो गं, पैशांसाठीच. पण बाबांची शिकवण आडवी आली. एक बाजू बघून ताळेबंद होत नाही. दुसरी बाजू लिहायला घेतली.

अर्थशास्त्रात मॅन्कर ओल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेला एक साधा सिद्धांत आहे. फिरता दरोडेखोर येतो, सगळं लुटतो, मारतो, जातो. पण तोच एका जागी राज्य करू लागला की गाय मारण्यापेक्षा दूध काढणं त्याला परवडतं. मग तो कर घेतो आणि माणसांना जगू देतो. हे वाचताना मला आपलाच इतिहास आठवला, आणि तो जरा अवघड जागी नेणारा आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४२ मध्ये बंगालमध्ये उतरल्या, चौथाईसाठी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो पराक्रम म्हणून येतो. भास्करपंतांना अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारलं, तेही येतं. पण बंगालची आठवण वेगळी आहे. सरकारी घोड्यावरचा स्वार तो आपला बारगीर, त्याचा तिकडे झाला 'बर्गी', आणि बंगाली आया अजून बर्गीच्या नावाने पोरांना झोपवतात. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात जाळलेली गावं, पैशांसाठी हालहाल केलेली माणसं आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. मराठी म्हणून ते वाचणं सोपं नाही. माझ्या इथल्या एका बंगाली मैत्रिणीने हा विषय काढला होता तेव्हा मी चक्क विषय बदलला होता, हेही कबूल करते.

पण हिशोबाच्या दृष्टीने पुढचा भाग बघा. १७५१ मध्ये तह झाला. बंगालची चौथाई म्हणून दरसाल १२ लाख रुपये ठरले, ओडिशा भोसल्यांकडे आला, आणि स्वाऱ्या थांबल्या. पैसे मिळायला लागल्यावर मारायचं कारण उरलं नाही. तिथल्या क्रौर्याचं समर्थन यातून होत नाही. फक्त एवढं दिसतं, की पैशांसाठी केलेली हिंसा पैसे मिळाले की थांबू शकते.

ही कसोटी नाझी सरकारला लावून पाहिली, आणि इथेच ताळेबंद जुळेना.

पहिली गोष्ट, मारलेल्यांपैकी बहुसंख्य श्रीमंत नव्हतेच. १९३३ मध्ये जर्मनीतले ज्यू सुमारे पाच लाख, लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. पण एकूण साठ लाख बळींतले बहुतेक पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातले. शिंपी, चांभार, फेरीवाले, गाडीवान. त्यांच्या घरात लुटायला होतं काय? दुसरी, लूट मोठी असली तरी युद्धाचा खर्च त्यातून निघण्यासारखा नव्हता. ॲडम टूझ यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात हा हिशोब तपशीलाने मांडला आहे, आणि आलींच्या आकडेमोडीवर त्यांनी कडक टीकाही केली. युद्धाचा मोठा भार जर्मन जनतेच्या करांवर, बचतीवर आणि व्यापलेल्या देशांकडून उकळलेल्या खंडणीवर होता. तिसरी गोष्ट सगळ्यात विचित्र. १९४३ मध्ये जर्मनीला कामाला हात मिळत नव्हते. तरीही ३ आणि ४ नोव्हेंबरला पोलंडच्या लुब्लिन भागात युद्धासाठी काम करणाऱ्या सुमारे ४२ हजार ज्यू कामगारांना दोन दिवसांत गोळ्या घातल्या. चालू कारखाने बंद पडले. १९४४ मध्ये, आघाडीवर आगगाड्यांची चणचण असताना, मे ते जुलै या काळात हंगेरीतून सव्वाचार लाखांवर माणसं रेल्वेने नेली, बहुतेक आउश्वित्झला. कुठला आडत्या असा व्यवहार करेल?

मग अर्थशास्त्र अगदीच निकामी का? तसंही नाही. २ मे १९४१ ला, रशियावर चढाईच्या आधी, जर्मन सचिवांची एक बैठक झाली. तिच्या टिपणात स्वच्छ नोंद आहे की सैन्याला लागणारं धान्य तिथून उचललं तर कोट्यवधी माणसं उपाशी मरतील. नोंद केली आणि पुढच्या विषयाकडे वळले. त्या धोरणात पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले. मग कामगार कमी पडतात हे लक्षात आल्यावर, १९४२ पासून, त्याच प्रदेशातून लाखो माणसं मजुरीला आणली. म्हणजे काल 'खाणारं तोंड' म्हणून मेला असता तो आज 'काम करणारा हात' म्हणून तगला. हिशोब बदलला तसं त्यांचं नशीब बदललं. ज्यूंच्या बाबतीत मात्र तोच हिशोब करूनही शेवटी उत्तर तेच काढलं गेलं.

याचा उलगडा मला राउल हिलबर्ग यांच्या १९६१ च्या ग्रंथात झाला. व्हिएन्नात जन्मलेले, तरुणपणी कुटुंबासह पळून वाचलेले हे गृहस्थ. त्यांनी सगळी सरकारी कागदपत्रं वाचून पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी व्याख्या, म्हणजे ज्यू कोण हे कायद्याने ठरवणं. दुसरी, मालमत्ता काढून घेणं. तिसरी, एका जागी कोंडणं. चौथी, मारणं. पैसा आहे, नक्की आहे, पण दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीवर फक्त यादी आहे, कोण आपला आणि कोण परका याची. ती झाली नसती तर लिलाव पुकारता आला नसता. शेजारणीचं कपाट विकायला काढलं म्हटल्यावर लोकांनी विचारलं असतं, ती कुठे गेली?

यादीची मुळंही कधीकधी फार जुनी असतात. निको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये जर्मन गावांची जुनी नोंद तपासली. १३४९ च्या सुमारास, प्लेगच्या साथीत, ज्या गावांनी ज्यूंना दोषी धरून मारलं, त्याच गावांत १९२० नंतरही ज्यूद्वेष जास्त आढळला. सहाशे वर्षांनी! मात्र जी गावं परमुलखाशी व्यापार करणारी होती तिथे हे वारशाने आलेलं विष बरंच उतरलेलं दिसलं. बाहेरच्यांशी रोजचा व्यवहार असला की माणसं जुने द्वेष विसरू शकतात, असा याचा अर्थ. आडत्याची मुलगी म्हणून मला हे वाचून बरं वाटलं.

आपल्या देशबांधवांनी यातली दुसरी पायरी अनुभवली आहे. ४ ऑगस्ट १९७२ ला युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. गुजराती, पंजाबी, गोवेकर, पन्नास हजारांवर माणसं. बरोबर जेमतेम पन्नास पौंड. त्या वर्षीची दिवाळी नेमकी मुदत संपायच्या आठवड्यात आली होती. अमीनने याला नाव दिलं 'आर्थिक युद्ध'. दुकानं, कारखाने, घरं लष्करी अधिकारी आणि मर्जीतल्यांना वाटली. थोड्याच वर्षांत साखर कारखान्यांसकट सगळा कारभार कोलमडला. म्हणजे तिथेही ताळेबंद तोट्याचाच. पण तोवर ज्यांना वाटा मिळाला होता ते गप्प राहिले. आशियाई लोक जिवानिशी सुटले. मागे राहिलेल्या युगांडाच्या लोकांपैकी लाखाहून अधिक त्या राजवटीत मारले गेले. शेजाऱ्याचं दुकान मिळालं म्हणून आपला जीव सुरक्षित झाला, असं काही नसतं.

लेकीला मी शेवटी जे सांगितलं ते असं. सरकारं माणसं मारतात ती फक्त पैशांसाठी, हे खरं नाही. पण पैसा नसता तर एवढी माणसं त्यात सामील झाली नसती, हे खरं आहे. द्वेष करणारे थोडे पुरतात. बाकीच्यांना एक स्वस्त टेबलक्लॉथ पुरतो. ती म्हणाली, "म्हणजे वर्गातले दोन्ही गट बरोबर?" मी म्हटलं, "दोन्ही अर्धे. मी पेपर तपासला असता तर जास्त मार्क क्रमाला दिले असते. आधी काय आणि नंतर काय." तिने गृहपाठात ते लिहिलं. किती मार्क मिळाले ते मात्र मला सांगितलं नाही!

वाग्नरला १९४६ मध्ये फाशी नाही पण गोळ्या घालून मृत्युदंड झाला. ब्युर्केल १९४४ मध्येच मेला. देश सोडण्यावरचा तो कर कायद्याच्या पुस्तकातून औपचारिकपणे निघाला तो थेट १९५३ मध्ये. आणि हल्ली आमच्या गावात फिरताना काही घरांपुढे फरसबंदीत बसवलेल्या पितळी पाट्या दिसतात. नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे संपलं. पूर्वी मी त्यांवरून पिशव्या सांभाळत भरभर जायची. आता थांबते, वाचते.

राहता राहिला तो टेबलक्लॉथ. घरमालकीण आजी गेल्या, विचारायला कोणी उरलं नाही. दोन अक्षरांवरून मालक सापडत नाही. शिवाय तो लिलाव साधा, कोणा वारलेल्या माणसाच्या सामानाचाही असू शकेल. टाकून देववत नाही आणि त्यावर चकल्या-करंज्या मांडववत नाहीत. जमाखर्चात अशी एक सोय असते. रक्कम आली, पण कोणाची ते कळत नाही, अशी नोंद उचंत खात्यात करतात. ती आपली समजून खर्च करायची नसते आणि खोडायचीही नसते. लेकीने आणि मी मिळून एका कागदावर आम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलं. कोणाकडून आला, कधी आला, त्या काय म्हणाल्या. मराठीत आणि जर्मनमध्ये. तो कागद घडीत ठेवला आणि टेबलक्लॉथ कपाटात वरच्या फळीवर.

यंदाच्या पाडव्याला टेबलावर सांगलीहून आणलेली साधी इचलकरंजी चादर आहे. फराळाला जरूर या. सर्वांना दिवाळीच्या आणि नव्या वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!